तू काय करस वं माय?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेतलं भाषण. ज्या बहिणी सभेला येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी, बोलले तसंच लिहून दिलं आहे.)

मला बाजारात ओरडायची सवय आहे, माईकवर बोलायची नाही. आवाज मोठा झाला तर माईक लांब धरा, मला थांबवू नका.

आपल्याकडे लग्नात, कीर्तनात, दवाखान्याच्या रांगेत, कुठंही नवी बाई भेटली की प्रश्न ठरलेले. कोनता गावनी शे? पोरं किती? आणि तिसरा, "तू काय करस वं माय?" त्यावर आपलं उत्तर पण ठरलेलं. "काही नही करस, घरमाच ऱ्हास."

मी वीस वर्षं हेच उत्तर दिलं. उन्हाळ्यात पापड, बिबडे, कुरडया करून विकायचे, पावसाळ्यात भाजीची टोपली घेऊन बाजारात बसायचं, आणि कुणी विचारलं की काही नही करस.

मागच्या वर्षी लेकीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा होता. ती जळगावला राहून अर्थशास्त्रात एम.ए. करते. फॉर्मवर एक रकाना होता, आईचा व्यवसाय. तिनं लिहिलं, गृहिणी. मी तेव्हा समोरच बसून पापड मोजत होते. त्याच पापडाच्या पैशातून तिच्या खोलीचं भाडं जाणार होतं. मी काही बोलले नाही. तिचं तरी काय चुकलं, मीच सगळीकडे तसं सांगत आले.

पण ते तिच्याच मनाला लागलं असावं. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली तेव्हा म्हणाली, "आई, आमच्या पुस्तकात तुझ्यासारख्या बायांचा धडा आहे." मी म्हटलं, पुस्तकात? माझ्यासारख्या? तर म्हणाली, "हो, पण आफ्रिकेतल्या आहेत." मग तिनं मला तो धडा समजावून सांगितला. आज त्यातलं थोडं आणि माझ्या वहीतलं जास्त असं तुम्हाला सांगणार आहे.

बहात्तर साल आपल्या सासू-सासऱ्यांना चांगलं आठवतं. बहात्तरचा दुष्काळ. गिरणाकाठची माणसंसुद्धा खडी फोडायला गेली, लोकांनी सुकडी खाल्ली. त्याच १९७२ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या तज्ज्ञांनी केनिया देशाचा एक मोठा अहवाल छापला. ते गेले होते तिथली बेकारी बघायला. नैरोबी हे तिथलं राजधानीचं शहर. सरकारी कागद सांगत होता की हजारो लोक बिनकामाचे आहेत. प्रत्यक्षात बघितलं तर जो तो काहीतरी करत होता. कुणी पत्रे ठोकून कंदील करतोय, कुणी जुने कपडे विकतोय, कुणी बाई रस्त्याच्या कडेला भाजी घेऊन बसलीय. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत होते, फक्त कागदावर नव्हते. तज्ज्ञांनी लिहिलं की इथला प्रश्न कामच नाही असा नाही, काम करूनही पोट भरत नाही असा आहे.

त्याच्या एक वर्ष आधी कीथ हार्ट नावाच्या एका इंग्रज अभ्यासकानं घाना देशाच्या अक्रा शहराबद्दल हेच मांडलं होतं. तो तिथल्या नीमा नावाच्या गरीब वस्तीत राहून आला होता. पगार पुरत नाही म्हणून एकेक माणूस दोन-दोन, तीन-तीन धंदे करतो, हे त्यानं डोळ्यानं पाहिलं. अशा धंद्यांना पुस्तकात तेव्हापासून अनौपचारिक क्षेत्र म्हणतात. म्हणजे ज्याला बोर्ड नाही, पगारपत्रक नाही, सुट्टी नाही.

केनियातल्या लोकांनी मात्र आपल्या धंद्याला स्वतःचं नाव दिलंय. जुआ काली. त्यांच्या स्वाहिली भाषेत जुआ म्हणजे सूर्य, काली म्हणजे कडक. कडक ऊन. डोक्यावर छप्पर नाही, उन्हात बसून केलेला धंदा, म्हणून जुआ काली. हे ऐकलं आणि मला हसू आलं. आपल्या खानदेशातल्या बाईला कडक ऊन कुणी शिकवावं? मे महिन्यात भडगावच्या बाजारात दुपारी बारा वाजता बसून दाखवा. आपला तर धंदाच उन्हावर चालतो. ज्वारी भिजवायची, धुवायची, कांडायची, लसूण-मिरची-तीळ घालून घाटा शिजवायचा, आणि ओल्या कापडावर हातानं बिबडे थापायचे. ऊन चढायच्या आत सगळं खाटेवर पडलं पाहिजे, म्हणून पहाटे तीनला चूल पेटते. ऊन चांगलं पडलं तर संध्याकाळी बिबडा कडक. आभाळ आलं तर सगळा माल आंबट. नैरोबीतल्या भाजीवाल्या बाईला तिथं मामा म्बोगा म्हणतात, म्हणजे भाजीवाली आई. आपल्याकडे गिऱ्हाईक "मावशी, कोथिंबीर कशी दिली" म्हणतं ना, तसंच.

आणि याच १९७२ साली आपल्या शेजारी, अहमदाबादला, इलाबेन भट्ट यांनी सेवा नावाची संघटना नोंदवायला नेली. डोक्यावर ओझी वाहणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायांची. अधिकारी म्हणाले, तुमचा मालक कोण? मालकच नाही तर संघटना कुणाविरुद्ध लढणार? इलाबेन म्हणाल्या, कुणाविरुद्ध लढायला नाही, आम्हाला एकत्र यायचंय. शेवटी नोंदणी झाली. दोन वर्षांनी, १९७४ ला, चार हजार बायांनी दहा-दहा रुपये घालून स्वतःची बँक काढली. दहा रुपये बहिणींनो.

लेक म्हणाली, "आई, तुझा धंदा आहे तर धंद्याचा हिशोब दाखव." मी म्हटलं, हिशोब डोक्यात आहे. ती म्हणाली, कागदावर उतरव. तिथं माझी फजिती झाली. ती सांगते, कारण मला खात्री आहे की समोर बसलेल्या निम्म्या बायांचा हिशोब माझ्यासारखाच आहे.

पाच किलो उडदाच्या डाळीचे पापड. त्या वर्षी डाळ १३० रुपये किलो, म्हणजे ६५०. दळण ५०. हिंग, मिरे, पापडखार, तेल धरून २००. पिशव्या ६०. गाडीभाडं जाऊन-येऊन ८०. एकूण १,०४०. वाळून पापड साधारण पाच किलो भरले, २४० रुपये किलोनं विकले, आले १,२००. वर राहिले १६०. मी खूश होते. हातात बाराशे रुपये दिसतात ना, त्यातले हजार आपणच घातलेत हे विसरायला होतं.

मग लेकीनं विचारलं, किती जणी होता? मी आणि माझी जाऊ. किती दिवस? दोन. एक दिवस पीठ मळणं, कुटणं, लाट्या पाडणं, लाटणं. दुसरा दिवस उरलेलं लाटणं, वाळवणं, मोजणं, बांधणं. बाजारात बसलेला वेळ तर धरलाच नाही. म्हणजे चार दिवसांची मजुरी. १६० भागिले चार. चाळीस रुपये रोज.

मी वही दोनदा तपासली. म्हटलं तुझं गणित चुकलं असेल. नाही चुकलं. त्या वर्षी आमच्याकडे निंदणीची मजुरी २५० होती. कुणी मला चाळीस रुपयांत निंदायला बोलावलं असतं तर मी त्याला चार शब्द सुनावले असते. आणि इथं मी स्वतःच स्वतःला चाळीस रुपयांवर राबवत होते, वर जावेलाही.

असं का होतं? आपण डाळीचा भाव धरतो, हिंगाचा धरतो, आपल्या हाताचा धरत नाही. घरातल्या कामाला मोल नाही ही सवय इतकी अंगात मुरलीय की घरात बसून केलेल्या धंद्यालाही तीच लागते. सरपण गोठ्यातलं, पाणी नळाचं, हात आपले, सगळं फुकट. मग भाव कशावरून ठरतो? शेजारीण काय भावानं देते त्यावरून. आणि शेजारणीनं कशावरून ठरवला? माझ्यावरून! दोघी एकमेकींकडे बघून खड्ड्यात.

पुढच्या खेपेला मी भाव ३२० केला. पाव किलोची पिशवी ८० रुपयांना. तीन गिऱ्हाइकं तुटली, त्यातली एक आमच्याच भावकीतली, ती अजून बोलत नाही. बाकीची राहिली. १,६०० आले, १,०४० गेले, ५६० राहिले, म्हणजे रोजाला १४०. मग गटातल्या आम्ही पाच जणींनी मिळून मोंढ्यावरून उडीद डाळ पोत्यानं घेतली, किलोमागे दहा रुपये वाचले. माल एकीनंच बाजारात न्यायचा ठरवलं, गाडीभाड्यात प्रत्येकीचे साठ वाचले. पाच किलोमागे एकशे दहा रुपये खर्च कमी. ६७० राहिले. रोजाला १६७.

अजूनही निंदणीपेक्षा कमीच आहे, मी खोटं सांगणार नाही. पण चैत्र-वैशाखात शेतात निंदणी कुठं असते? त्या दिवसांत हाताला दुसरं काम नाही. म्हणून धंदा परवडतो. भाद्रपदात पापड करायला बसाल तर परवडणार नाही, तेव्हा मजुरीला जा. हे सगळं वहीत दिसतं, डोक्यात दिसत नाही.

पापडाचा विषय निघाला म्हणून लिज्जतचं सांगते. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बाया बसल्या. ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली. सुरुवातीला त्यांनी दोन प्रतीचे पापड केले, एक चांगला, एक स्वस्तातला. त्यांना सल्ला देणाऱ्या छगनबाप्पांनी, म्हणजे छगनलाल पारेख यांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा, चांगली. आजही तिथं पीठ एकाच ठिकाणी मळतात, बहिणी ते घरी नेऊन लाटतात आणि पापड तपासून घेतात. पीठ एक म्हणून चव एक. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ ला पद्मश्री जाहीर झाली. आपल्या पाच जणींच्या पापडांचं काय होतं? एकीचा तिखट, एकीचा खारट, एकीचा जाड. गिऱ्हाईक म्हणतं, "मागच्या वेळेसारखा द्या." आता मागच्या वेळचा कुणाचा होता ते आम्हालाच माहीत नाही. यंदा आम्ही मसाला एकाच वजनकाट्यावर मोजतोय. त्यावरून भांडणंही झाली, प्रत्येकीला वाटतं आपल्याच सासूची पद्धत खरी.

आता भांडवल. हा भाग मला सांगायला जड जातो.

एका पावसाळ्यात माझ्याकडे भाजी भरायला पैसे नव्हते. बाजारात एक माणूस सकाळी पैसे द्यायचा. हजार रुपये म्हणायचा आणि हातात नऊशे ठेवायचा. संध्याकाळी हजार परत. मला वाटायचं, शंभरच तर रुपये जातात, माणूस अडीला उभा राहतो. भडगाव, पाचोरा आणि आजूबाजूच्या गावांचे मिळून महिन्याला वीस बाजार मी करायचे. वीस गुणिले शंभर, दोन हजार. नऊशे रुपये वापरायला महिन्याला दोन हजार रुपये! आपल्या गटाचं व्याज शेकडा दोन धरलं तर त्याच नऊशेवर महिन्याला अठरा रुपये होतात. अठरा आणि दोन हजार. आणि मी तेव्हा गटात होते बरं का. दर महिन्याला बचत भरत होते.

मग गटातून का नाही घेतले? कारण गटातून घेतलेले आधीच संपले होते. पापडाच्या धंद्यासाठी म्हणून तीस हजार उचलले होते. आठव्या दिवशी सासरे पडले, खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात अठरा हजार तिथल्या तिथं गेले. कोण नाही म्हणणार? मीही म्हटलं नाही. उरलेले बारा हजार किराणा आणि गाडीभाड्यात कधी विरघळले ते कळलंच नाही. हप्ता मात्र दर महिन्याला उभा. गटाच्या बैठकीत मी तोंड लपवून बसायचे, एक-दोनदा पोटात दुखतंय सांगून गेलेही नाही. एका बाईनं बैठकीत म्हटलं, "धंद्याचा पैसा घरात खाल्ला." ते मला फार लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं.

घर आणि धंदा एकाच डब्यात असला की घर नेहमी जिंकतं. दवाखाना थांबत नाही, फी थांबत नाही, पाहुणे तर अजिबात थांबत नाहीत. त्यावर आमच्या गटानं नंतर दोन गोष्टी केल्या. आजारपणासाठीचं कर्ज वेगळं ठेवलं, लहान आणि लगेच मिळणारं. ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असतो, तो अशाच वेळेसाठी आहे, पण मागायला आपल्याला लाज वाटते. आणि दुसरं, प्रत्येकीनं धंद्याचा डबा वेगळा केला. साधा स्टीलचा डबा, पण त्याला हात लावायचा तर वहीत लिहून. मी स्वतःची मजुरी त्यातून काढते, ती घरात देते. बाकीचं डब्यात राहतं. आमचे हे एकदा म्हणाले, "स्वतःच्याच घरात उधार लिहितेस?" मी म्हटलं, हो, तुमचंही लिहिलंय, बघा, दोनशे रुपये, तारीख पण आहे.

हे अक्रातल्या बायांना आपल्या आधी कळलं होतं. तिथं सुसू नावाची पद्धत आहे. सुसूवाला माणूस रोज बाजारात फिरतो, बाई त्याच्याकडे रोज ठरलेली रक्कम देते, तो कार्डावर खूण करतो. महिना झाला की सगळी रक्कम परत, फक्त एका दिवसाची त्याची मजुरी. म्हणजे समजा रोज वीस रुपये दिले, सहाशे जमले, तर ५८० हातात. मी लेकीला म्हटलं, ह्या बाया वेड्या आहेत का? बचतीवर व्याज मिळायचं सोडून उलटे पैसे देतात? मग माझे ते बारा हजार आठवले. घरात ठेवलेला पैसा कुणी ना कुणी मागतं, आणि मागितला की द्यावा लागतो. तो बाहेर राहावा म्हणून त्या वीस रुपये मोजतात. नैरोबीत बायांच्या गटांना चामा म्हणतात. दर आठवड्याला नाहीतर महिन्याला जमायचं, पैसे घालायचे, आळीपाळीनं उचलायचे. आपली भिशीच.

म्हसवडचं तुम्ही ऐकलं असेल, साताऱ्याकडचं. १९९७ ला तिथं माणदेशी महिला बँक निघाली. चेतना सिन्हा ताईंनी काढली. पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा नाकारला गेला, कारण सभासद बायांचे अंगठे होते, सह्या नव्हत्या. बाया लिहायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. तिथं म्हणाल्या, आम्हाला लिहिता येत नव्हतं पण हिशोब येतो, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही यंत्राशिवाय सांगतो. बँकेचे साहेब हसताहेत, पण विचारून बघा आमच्या बायांना.

उधारीचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर बोलायला लागले तर रात्र होईल. मुंबईत गिरणगावात आपल्या कोकण-घाटावरच्या कितीतरी बाया गिरणी कामगारांना जेवण घालायच्या. खानावळ महिन्याच्या बोलीवर, कामगार पगार झाला की देणार. तोवर बाई किराणा उधार आणणार, चढ्या भावानं आणि व्याजानं. धंदा जोरात, आणि बाई कर्जात. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेतून कर्ज मिळवून दिलं. रोख घ्यायचं आणि उधार द्यायचं, यात दोन्हीकडून मार बसतो. माझ्याकडे आज वहीत २,३०० रुपये उधारी आहे. त्यातले ६०० या मंडपात बसले आहेत. नाव घेत नाही.

जागेचं मात्र नीट ऐका.

अक्राच्या मकोला बाजारात बायांचंच राज्य. टोमॅटोवाल्यांची वेगळी प्रमुख, कांद्यावाल्यांची वेगळी, तिला त्यांच्याकडे राणी म्हणतात. माल आला की वाटप ती बघणार, भांडण ती मिटवणार, कुणाच्या घरी मयत झालं तर मदत ती गोळा करणार. अशा भरलेल्या बाजारावर १९७९ च्या ऑगस्टमध्ये सैनिक आले आणि मुख्य बाजार पाडला. का, तर महागाई या बायांमुळे वाढते. बाजार पडला, महागाई काही पडली नाही, पुढची चार वर्षं ती वाढतच होती. मकोला आजही अक्राचा मोठा बाजार आहे, बाया पुन्हा बसल्या. पण ज्यांचं त्या दिवशी गेलं त्यांचं गेलं. राबणं कितीही असो, संघटन कितीही असो, जागेचा कागद नसला की एका सकाळी कुणीही उठवतं.

आपल्याकडे आता कागदाचा रस्ता आहे. २०१४ साली पथविक्रेत्यांचा कायदा झाला. शहरात, म्हणजे जिथं नगरपालिका आहे तिथं, तो लागू आहे, आणि भडगाव, पाचोऱ्याला नगरपालिका आहे. पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, त्यांना प्रमाणपत्र द्यायचं, समिती करायची. समितीत शंभरातले किमान चाळीस सभासद विक्रेते हवेत आणि त्या विक्रेत्यांत तिसरा हिस्सा बाया हव्यात. सर्वेक्षण आलं त्या दिवशी तुम्ही घरी असाल, टोपलीजवळ नवरा नाहीतर पोरगा बसला असेल, तर नाव त्याचं लागेल. हे होतं. मी पाहिलंय.

२०२० ला लॉकडाऊननंतर पथविक्रेत्यांसाठी स्वनिधी योजना आली, पहिलं कर्ज दहा हजार. आजूबाजूच्या खेड्यांतून शहरात येऊन विकणारेही त्यात बसत होते. माझ्याकडे काहीच कागद नव्हता. एवढी वर्षं बसून बाजारपट्टीच्या पावत्या घेतल्या, त्यात शेंगदाणे बांधून दिले. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांना शिफारसपत्राची सोय होती, पण त्यासाठीही मी इथं बसते हे दाखवावं लागतं. आमच्या शेजारच्या मिरचीवाल्या आजीनं प्रत्येक पावती दोऱ्यात ओवून खुंटीला टांगली होती, माळेसारखी. तिला वाचता येत नाही. तिचं काम आधी झालं.

तेव्हा पावती घ्या, आणि त्यात शेंगदाणे बांधू नका. खायचं काही विकत असाल तर अन्न परवान्याची साधी नोंदणी करून घ्या. मी केली तेव्हा वर्षाची फी शंभर रुपये होती. त्याचा नंबर पिशवीवर आला की दुकानदार माल ठेवून घेतो, नाहीतर हात लावत नाही. फॉर्म भरायला आपल्या बँक सखी नाहीतर सीआरपी ताई मदत करतात. एजंटला पाचशे देऊ नका.

आणखी एक. २०२७ ची जनगणना आहे. दारात माणूस येईल, बहुतेक ओळखीचे गुरुजी नाहीतर बाईच असतील. घरातली कर्ती माणसं पुढं होऊन उत्तरं देतील. तुमच्या नावापुढं काम काय, असा प्रश्न येईल तेव्हा ओट्यावरून कुणीतरी सांगेल, घरीच असते. त्या वेळी तुम्ही चुलीपाशी असाल, हात पिठात असतील. तसेच या बाहेर, पिठाच्या हातांनी. सांगा, पापड करून विकते. भाजी विकते. शिलाई करते. शेळ्या पाळते, त्या विकते. वर्षातले किती महिने ते पण सांगा. माझ्या घरी लेकीनं आधीच सगळ्यांना बजावून ठेवलंय. शिष्यवृत्तीचा फॉर्म यंदा पुन्हा भरायचा होता, तिनं आईच्या रकान्यात लिहिलं, पापड उद्योग. उद्योग म्हटल्यावर मलाच जरा जास्त वाटलं. मी म्हटलं, नुसतं पापड विक्री लिही. ती ऐकत नाही.

चहा आलेला दिसतोय, थांबते. ग्रामसंघाच्या ताईंकडे आखलेल्या वह्या ठेवल्या आहेत. डावीकडे माल, उजवीकडे विक्री, आणि मधे एक रकाना मुद्दाम काढून घेतलाय, "माझे दिवस". किती जणी, किती दिवस, ते तिथं लिहायचं. वही पंधरा रुपयांना आहे आणि उधार मिळणार नाही. पुढच्या बैठकीला येताना एका मालाचा तरी हिशोब भरून आणा. कुणाचा रोज चाळीसच्या खाली आला तर लपवू नका, माझा चाळीस आलाच होता.